निवाडा, कसोटी आणि दात खाणं : शेवटच्या न्यायाचे ग्रीक शब्द

ओनामा (धागाकर्ता)

बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीकशी माझी झटापट गेली चार वर्षं चालू आहे. शिक्षक नाही, वर्ग नाही. एक व्याकरण, एक कोश आणि रोज सकाळी दहा ओळी. मी ख्रिस्ती नाही, भाषेच्या नादाने तिथे पोचलो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे प्रतिसादांत तो प्रश्न यायला नको. (येईलच.)

गेल्या महिन्यात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) २५व्या अध्यायापर्यंत आलो. शेवटचा न्याय (जगाच्या अखेरीला देव करणार तो) म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर युरोपातल्या जुन्या चित्रांमधल्या उकळत्या कढया आणि काटे घेतलेले सैतान यायचे. मजकुरात त्यातलं काहीच भेटलं नाही. भेटला एक मेंढपाळ.

सुरुवात 'क्रिनो' या क्रियापदापासून करतो, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे. क्रिनो म्हणजे आधी वेगळं करणं, मग त्यावरून ठरवणं, मग न्याय करणं. न्यायासाठीचा 'क्रिसिस' त्यातूनच आला, आणि इंग्रजीतले क्रायसिस, क्रिटिक हेही त्याच घरचे. कोशात हे वाचलं आणि पेन खाली ठेवलं. आपल्याकडे नेमकं हेच झालंय की! निवडणं आणि निवाडा. धान्यातले खडे काढायचं काम आणि कोर्टातलं काम एकाच शब्दाच्या पोटातून आलं. ग्रीकला जे समजावून सांगायला इंग्रजीत अर्धं पान लागतं, ते मराठी माणसाला आयतं मिळतं.

आणि प्रतिमाही त्याच कामाच्या आहेत. मत्तय ३:१२ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो खळं स्वच्छ करील, गहू कोठारात भरील आणि भूस न विझणाऱ्या अग्नीत जाळील. मूळ शब्द 'प्तिऑन' आहे, म्हणजे मळलेलं धान्य वाऱ्यावर उडवायचं लाकडी फावडं. आपलं सूप तंतोतंत तेच नव्हे, पण उफणणी पाहिलेल्या माणसाला चित्र लगेच कळतं. दाणा जड, खाली पडतो; भूस हलकं, वाऱ्याबरोबर जातं.

२५व्या अध्यायातली गंमत 'एरिफोस' या शब्दात आहे. मेंढपाळ मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो. एरिफोस म्हणजे बोकड नव्हे, करडू. शिंगं, दाढी, सैतानी चेहरा वगैरे नंतरच्या चित्रकारांनी चिकटवलं. हाच शब्द लूक १५:२९ मध्ये थोरल्या भावाच्या तोंडी आहे: उधळ्या धाकट्यासाठी वासरू कापलंत, मला मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत! तिथे हवंहवंसं असलेलं जनावर इथे डाव्या हाताला उभं आहे.

आता जागांची नावं. 'हादेस' ही मेलेल्यांची जागा, हिब्रूतल्या शेओलसाठी ग्रीक भाषांतरात वापरलेला शब्द. 'गेहेन्ना' हे यरुशलेमच्या दक्षिणेकडच्या हिन्नोमच्या दरीचं नाव, हिब्रूतल्या 'गे हिन्नोम'वरून. नव्या करारात ते १२ वेळा येतं, त्यातलं एक याकोबच्या पत्रात, बाकी सगळी येशूच्या तोंडी. 'तार्तारोस'वरून केलेलं क्रियापद फक्त एकदा, २ पेत्र २:४ मध्ये, आणि तेही पापी देवदूतांना कोंडण्यापुरतं. १६११च्या इंग्रजी भाषांतराने या तिघांना जवळपास सगळीकडे एकाच शब्दात कोंबलं. मराठीने निदान अधोलोक आणि नरक हा भेद ठेवला. तो महत्त्वाचा, कारण प्रकटीकरण या नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, २०:१४ मध्ये, खुद्द मृत्यू आणि हादेस यांनाच अग्नीच्या सरोवरात टाकतात. दोन्हींना नरक म्हटलं, तर नरकाला नरकात टाकल्यासारखं होतं.

माझा सर्वांत आवडता शब्द 'बासानोस'. भाषांतरात त्याचं 'पीडा', 'यातना' होतं. मूळ अर्थ? सोनं घासून पाहायचा काळा दगड. कसोटी! दगडावरून अर्थ सरकला तो तपासणीकडे, तिथून गुलामांना मारहाण करून साक्ष काढण्याकडे (ग्रीक न्यायालयांत ही रीतच होती), आणि शेवटी नुसत्या यातनेकडे. आपल्याकडे तोच दगड परीक्षेपर्यंत आला आणि थांबला, छळापर्यंत पोचला नाही.

'आयोनिऑस' आणि 'कोलासिस' या जोडीबद्दल मुद्दामच काही लिहीत नाही. ते प्रतिसादांत येऊ द्या.

तिरकस_बाण

पहिला प्रतिसाद आमचा. न विझणारा अग्नी ग्रीकमध्ये काय आहे? कुठेतरी वाचलं होतं की अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आहे. छपरावरचे पत्रे आठवून हसू आलं. जे जळत नाही त्याला नरकाच्या आगीचं नाव?

ओनामा

बरोबर वाचलंत. 'आस्बेस्तोस' म्हणजे न विझणारा. मत्तय ३:१२ आणि मार्क ९:४३ दोन्हीकडे हेच विशेषण आहे. खनिजाला ते नाव कसं चिकटलं ही वेगळी कथा, पण शब्द एकच.

एक बारकावा मात्र आहे. न विझणारी आग म्हणजे कोणी विझवू शकत नाही अशी आग. भूस त्या आगीत किती वेळ टिकतं, याबद्दल विशेषण काहीच सांगत नाही. भुसाचं काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला ठाऊक आहे.

माडीवरची

मी ख्रिस्ती घरातली, त्यामुळे हे शब्द कानात दुधाबरोबर गेलेत. 'तेथे रडणे व दात खाणे चालेल' हे वाक्य लहानपणी ऐकलं की मला खरोखर वाटायचं, तिथे लोक भुकेपोटी स्वतःचे दात चावून गिळतात. आईला विचारलं तर म्हणाली, अगं, थंडीने आणि दुखण्याने दात वाजतात तसं. ग्रीकमध्ये काय आहे? 'दात खाणे' म्हणजे तर आपण राग म्हणतो.

ओनामा

ताई, तुमच्या प्रश्नासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. शब्द आहे 'ब्रिग्मोस', दातावर दात घासणं. वाक्य मत्तयमध्ये सहा वेळा आणि लूकमध्ये एकदा येतं. बहुतेक वाचक तुमच्या आईंप्रमाणेच दुखणं समजतात. पण याचं क्रियापद प्रेषितांची कृत्ये ७:५४ मध्ये बघा. स्तेफन हा येशूचा अनुयायी सभेपुढे बोलतो, ऐकणाऱ्यांची मनं चिरली जातात आणि ते त्याच्यावर दात खातात. तिथे दुखणं कुणाला? जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही स्तोत्रांमध्ये दुष्ट माणूस नीतिमानावर दात खातो तो द्वेषाने. म्हणजे बाहेरच्या अंधारातली माणसं नुसती कण्हत नसून चिडलेली असू शकतात. ज्या कुणी 'दात खाणे' लिहिलं, त्याच्या हातून ग्रीकपेक्षा एक कणही इकडेतिकडे झालेला नाही.

माडीवरची

हे आईला सांगायला हवं. रडणारे आणि चिडलेले एकाच अंधारात, हे चित्र जास्तच भयानक आहे.

गारगोटी

लेख छान, पण गेहेन्नाबद्दलची मुख्य गोष्ट राहिली. ती दरी म्हणजे यरुशलेमचा कचरा डेपो होता. कायम आग धुमसायची, गुन्हेगारांची प्रेतं तिथे टाकत. म्हणून येशूने ती उपमा वापरली. प्रवचनांत हे नेहमी सांगतात.

ओनामा

सांगतात खरं, आणि मीही दोन वर्षं तेच सांगत फिरलो. मग पुरावा शोधायला गेलो. कचऱ्याच्या आगीचा सर्वांत जुना उल्लेख सापडतो तो दावीद किमही या ज्यू भाष्यकाराच्या २७व्या स्तोत्रावरच्या भाष्यात, सन १२०० च्या सुमाराचा. म्हणजे येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी. पहिल्या शतकातला कोणी लेखक त्या दरीत जळत्या कचऱ्याचा उल्लेख करत नाही.

आणि डेपोची गरजही नाही. दरीची खरी बदनामी जुन्या करारातल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ७व्या अध्यायात आहे. तिथे तोफेत नावाच्या जागी लोक आपली पोरं आगीत होमत. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट केली (२ राजे २३:१०), आणि यिर्मया म्हणतो, पुढे तिला कत्तलीची दरी म्हणतील, पुरायला जागा उरणार नाही. ऐकणाऱ्याला गेहेन्ना म्हटल्यावर हे आठवत असणार. कचऱ्याच्या धुरापेक्षा हे कितीतरी जड आहे.

गारगोटी

ओके. मागे घेतो. पण मार्क ९:४८ मधला 'न मरणारा किडा'? तो कचऱ्यातलाच ना?

ओनामा

तो यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या शेवटच्या वचनातला, ६६:२४. तिथे बंड केलेल्यांची प्रेतं बाहेर पडलीत आणि लोक जाऊन बघतात. जिवंत माणसं नव्हेत, प्रेतं. मार्कमध्ये ते उद्धरण म्हणून आलंय. (जुन्या भाषांतरांत हे वाक्य तीनदा छापलेलं दिसेल, ९:४४ आणि ९:४६ मध्येही. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते एकदाच आहे.)

मोकळं_आकाश

आता मुद्द्याची गोष्ट मी काढतो. मत्तय २५:४६ मध्ये शिक्षेसाठी 'कोलासिस' आहे. हा शब्द मुळात बागकामातला, झाडाची छाटणी करणं. छाटणी झाडाच्या भल्यासाठी असते. सूड उगवायचा असता तर ग्रीकमध्ये 'तिमोरिया' तयार होता. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात हा फरक स्वच्छ मांडलाय: कोलासिस भोगणाऱ्यासाठी, तिमोरिया देणाऱ्याच्या समाधानासाठी. आणि 'आयोनिऑस' हे 'आयोन'वरून, म्हणजे युग. तेव्हा 'सार्वकालिक शिक्षा' हे भाषांतरच चूक. खरा अर्थ 'युगापुरती सुधारणा'. नरक नाहीच, असलीच तर शाळा आहे.

धातुपाठ

अहो, थांबा थांबा. अ‍ॅरिस्टॉटलचा संदर्भ बरोबर आहे, पण तो मत्तयच्या चारशे वर्षं आधीचा. एवढ्या काळात शब्द कुठल्या कुठे जातात.

आपल्याकडचंच घ्या. 'प्रवीण' म्हणजे मुळात वीणा उत्तम वाजवणारा. 'कुशल' म्हणजे हात न कापता कुश आणणारा. आता 'प्रवीण सुतार' म्हटल्यावर तुम्ही त्याच्या खांद्यावर वीणा शोधता का? शब्दाचा जन्मदाखला दाखवून त्याचा आजचा पत्ता सिद्ध होत नाही.

मत्तयच्या जवळच्या काळातला वापर बघू. प्रेषितांची कृत्ये ४:२१ मध्ये न्यायसभेला पेत्र आणि योहान यांना 'कोलाझो' करायला निमित्त सापडत नाही. त्यांना कोणी छाटून बहरवणार नव्हतं. आणि हे बघा: दुसऱ्या शतकात स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याला जिवंत जाळायची धमकी देतात, तेव्हा त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तान्तात तो राज्यपालाला म्हणतो की तुझी आग तासभर जळून विझते, येणाऱ्या न्यायाची आणि 'आयोनिऑस कोलासिस'ची आग तुला माहीत नाही. हीच जोडी, शब्दाला शब्द. आणि विरोध कशाशी लावलाय? तासाभरात विझणाऱ्या आगीशी. तिथे शाळा बसत नाही.

मोकळं_आकाश

मग नीसाचा ग्रेगरी? चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ, ग्रीक ही त्याची स्वतःची भाषा. तो हेच शब्द वाचून शेवटी सगळ्यांचं पुनःस्थापन होईल, म्हणजे सगळेच देवाकडे परत येतील, असं मानत होता. त्याला ग्रीक येत नव्हतं म्हणायचं का?

धातुपाठ

ग्रेगरीचा मुद्दा मान्य. त्याचं ग्रीक माझ्यापेक्षा बरं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण तो तिथे पोचतो ते ईश्वर कसा आहे या विचारातून. 'कोलासिस'च्या व्युत्पत्तीवर त्याचा डोलारा उभा नाही. माझी तक्रार निष्कर्षाबद्दल नाहीच, रस्त्याबद्दल आहे.

ओनामा

दोघांच्या मध्ये पडतो. आयोनिऑससाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली जागा न्यायाच्या प्रकरणातली नाही. रोमकरांस पत्राच्या अगदी शेवटी, १६:२५ आणि १६:२६. पहिल्या वचनात एक रहस्य 'आयोनिऑस काळांत' गुप्त होतं, आणि आता उघड झालंय असं लगेच पुढे म्हटलंय. म्हणजे ते काळ संपले. आणि त्याच वाक्यात, पुढच्याच वचनात, 'आयोनिऑस देव' आहे. तो संपणारा नक्कीच नाही. एकच विशेषण, एकच वाक्य, दोन मापं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून परत पाहिलं की आपण ओळ चुकलो का.

तेव्हा मोकळं_आकाश यांचं 'युगापुरती' हे जितकं घाईचं, तितकंच 'आयोनिऑस म्हणजे दर वेळी अनंत' हेही घाईचं. उलट बाजूचा सर्वांत मजबूत युक्तिवाद ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाचा आहे: मत्तय २५:४६ मध्ये शिक्षा आयोनिऑस आणि जीवनही आयोनिऑस, एकाला संपणारं म्हटलं तर दुसऱ्यालाही म्हणावं लागेल. यावर उत्तरं दिली गेलीत, पण मला एकही पूर्ण पटलेलं नाही.

जाता जाता: 'सार्वकालिक' हा मराठी बायबलचा खास शब्द. बाहेर कोणी सार्वकालिक चहा पीत नाही. पण त्याच्या आत 'काल' शाबूत आहे, जसा आयोनिऑसच्या आत आयोन. आणि प्रकटीकरणातलं 'आयोनांचे आयोन' आपण 'युगानुयुग' केलं. इंग्रजीला हा जुळा साधत नाही.

मोकळं_आकाश

रोमकरांस पत्राचा संदर्भ माझ्याच बाजूने वापरीन, पण प्रामाणिकपणे दिलात. व्युत्पत्तीवरून फार ओढलं, हे धातुपाठ यांना मान्य करतो. छाटणी मागे, ग्रेगरी पुढे.

तिरकस_बाण

गंधकाचं काय? ग्रीकमध्ये गंधकाला 'थेइऑन' म्हणतात आणि 'थेइऑस' म्हणजे दैवी. एका व्हिडिओत बाबा सांगत होते की 'आग आणि गंधक' म्हणजे खरं तर 'आग आणि देवत्व'.

धातुपाठ

बाबांना नमस्कार सांगा. दोन शब्द कानाला सारखे म्हणून एक होत नाहीत. गंधकाचा धूर ग्रीक लोक शुद्धीसाठी वापरत, हे मात्र खरं. ओडिसीमध्ये कत्तलीनंतर ओडिसियस गंधकाची धुरी देऊन दालन शुद्ध करतो. पण प्रकटीकरणातलं गंधक सदोमवर (जुन्या करारात देवाने आगीने नष्ट केलेल्या शहरावर) पडलेलं आहे, धुपाटण्यातलं नाही.

तिरकस_बाण

बरं. आणि ६६६?

ओनामा

वेगळा धागा काढा, येतो. इथे नको, चारशे प्रतिसाद होतील.

तिरकस_बाण

मग निदान वह्यांचं सांगा. प्रकटीकरण २०:१२ मध्ये पुस्तकं उघडली जातात. चित्रगुप्त तिथेही?

ओनामा

पुस्तकं म्हणजे 'बिब्लिया', आणि त्या काळी डोळ्यांसमोर गुंडाळी यायची. प्रकटीकरण ६:१४ मध्ये आकाश 'गुंडाळल्या जाणाऱ्या बिब्लिऑनसारखं' निघून जातं. बांधीव वहीचं आकाश तसं गुंडाळता येणार नाही. २०:१२ मध्ये दोन प्रकार आहेत: ज्यांत कामं लिहिलीत त्या अनेक गुंडाळ्या, आणि नावांची एक वेगळी, जीवनाची. दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे तिथे सांगितलेलं नाही. चित्रगुप्ताकडे एवढा घोळ नसावा.

धातुपाठ

न्यायासनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडक्यात. पौल (नव्या करारातल्या अनेक पत्रांचा लेखक) 'बेमा' म्हणतो, मुळात पाऊल, मग पायरी, मग अधिकारी बसतो तो चौथरा. करिंथच्या उत्खननात असा चौथरा सापडलाय. याच शहरात पौलाला गल्लियो या रोमन अधिकाऱ्याच्या बेमापुढे ओढून नेलं होतं (प्रेषितांची कृत्ये १८:१२). डेल्फीच्या शिलालेखामुळे त्याचा काळ सन ५१-५२ च्या आसपास धरतात. आणि मग करिंथकरांनाच पौल लिहितो, आपल्या सर्वांना ख्रिस्ताच्या बेमापुढे उभं राहायचं आहे (२ करिंथ ५:१०). वाचणाऱ्यांतल्या कित्येकांच्या तो रोजच्या वाटेवरचा दगड होता.

माडीवरची

हे तर मला ठाऊकच नव्हतं. आणखी एक विचारते. १ थेस्सलनीकाकर ४:१७, 'मेघांत उचलले जाऊन प्रभूला भेटू'. यावरून काही मंडळी म्हणतात की आपण वर जाणार आणि पृथ्वी मागे जळणार. 'भेटू' म्हणजे नक्की काय?

ओनामा

'आपान्तेसिस'. भेट हा शब्द कमी पडतो. आपल्याकडचं 'सामोरं जाणं' अचूक बसतं. हा शब्द नव्या करारात आणखी दोनदा येतो. मत्तय २५:६, मध्यरात्री हाक येते आणि कुमारिका वराला सामोऱ्या जायला निघतात. आणि प्रेषितांची कृत्ये २८:१५, पौल रोमजवळ येतोय असं कळल्यावर तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे येतात. पुढे काय होतं? पौल त्यांना घेऊन परत फिरत नाही. सगळे मिळून रोमला जातात.

त्याच उताऱ्यात प्रभूच्या येण्याला 'पारुसिया' म्हटलंय, जो शब्द राजाच्या स्वारीसाठीही वापरत. वेशीबाहेर जायचं, पाहुण्याला घेऊन गावात यायचं. उतारा हे शेवटचं पाऊल शब्दांत सांगत नाही, त्यामुळे मी पैज लावणार नाही. पण शब्दाची सवय तीच आहे.

माडीवरची

आईला सगळं वाचून दाखवलं. दात खाण्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्या कसोटीच्या दगडाचं परत वाच. तो शब्द यातनेसाठी फक्त शेवटच्या न्यायातच येतो का, असं ती विचारते आहे.

ओनामा

नाही, आणि बरं झालं त्यांनी विचारलं. मत्तय ८:६ मध्ये शताधिपतीचा चाकर पक्षाघाताने घरी पडलाय, 'भयंकर बासानिझोमेनोस'. तो बरा होतो. त्याच गोष्टीत सहा वचनं पुढे बाहेरचा अंधार आणि दात खाणं येतं. प्रकटीकरण १२:२ मध्ये बाळंतवेणा सोसणाऱ्या स्त्रीसाठी हेच क्रियापद आहे.

आणि आईंना ही जागा नक्की वाचून दाखवा. मत्तय १४:२४, रात्री सरोवरात वारा समोरून आहे आणि लाटा नावेला 'बासानोस' करताहेत. मार्क ६:४८ मध्ये तोच प्रसंग आहे, पण तिथे शब्द नावेला लागत नाही. वल्ही मारणाऱ्यांना लागतो. रात्रीचा चौथा प्रहर आहे, आणि येशू पाण्यावरून चालत येतो.